लहानपणीचा लळा आणि मोठेपणीचं मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनासाठी येणारा माणूस सुरुवात करतो ती आजच्या तक्रारीपासून. झोप लागत नाही, नवऱ्याशी पटत नाही, कामावर कुणी जरा आवाज चढवला की हातपाय गार पडतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी लहानपण निघतं आणि त्याच्यामागून दोन भीती येतात. 'माझं जे काही झालंय ते तेव्हाच ठरून गेलं होतं का?' ही पहिली. 'आता मीही माझ्या मुलांचं तेच करतोय का?' ही दुसरी. पुन्हा पुन्हा कानावर येणारे असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत दिली तर चुकीची होतात.

अटॅचमेंट म्हणजे प्रेमच ना?

प्रेमाच्या शेजारची, पण वेगळी गोष्ट. मराठीतला 'लळा' हा शब्द तिच्या सर्वांत जवळ जातो. लळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोडवा येतो. अटॅचमेंटच्या अभ्यासकांना मात्र त्यातली भीतीची बाजू महत्त्वाची वाटते. मूल घाबरलं, त्याला लागलं, ते दमलं किंवा आजारी पडलं, तर कुणाकडे धाव घेतं? आणि तिथं पोचल्यावर शांत होतं का? दिवसभर खेळायला बाबा आवडत असतील आणि गुडघा फुटल्यावर मूल आजीकडे धावत असेल, तर त्या घडीला आजी हा त्याचा आसरा.

याचा दुसरा अर्धा भाग बरेचदा विसरला जातो. कुशीत शिरून शांत झालेलं मूल थोड्या वेळानं स्वतःच उतरतं आणि पुन्हा खेळायला जातं. मागे कुणीतरी आहे हे ठाऊक असलं की पुढं जायची हिंमत येते. 'फार जवळ घेतलं तर मूल चिकट होईल' ही भीती इथंच फोल ठरते.

हा विचार आला कुठून?

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांच्याकडून. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरांतल्या रिवाजाप्रमाणे त्यांना आई दिवसाकाठी तासभर भेटायची. सांभाळायची ती दाई, आणि ते चार वर्षांचे असताना ती काम सोडून गेली. पुढं त्यांनी चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास करून १९४४ मध्ये शोधनिबंध लिहिला. यातली जी मुलं सर्वांत भावनाशून्य वाटत होती, त्यांच्या आयुष्यात लहानपणीच्या दीर्घ ताटातुटी जास्त आढळल्या.

तेव्हाची प्रचलित समजूत अशी होती की मूल आईला चिकटतं ते दुधासाठी. १९५८ मध्ये हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माकडाच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडात गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली, तरी पिल्लं तिथं पिण्यापुरती जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढायची. हे प्रयोग क्रूर होते आणि आज कुणी तसे करू देणार नाही. पण पोट भरणं आणि जीव रमणं या दोन वेगळ्या भुका आहेत, हे त्यानंतर नाकारता आलं नाही.

त्याआधी, १९५२ मध्ये, बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. त्या काळी पालकांना मुलांजवळ थांबू देत नसत. 'आई आली की मूल रडतं, नाही आली की गप्प असतं' असं कारण सांगायचे. ते गप्प होणं म्हणजे बरं होणं नव्हे, मुलानं आशा सोडली आहे, हे रॉबर्टसन सांगत राहिले. १९५९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीनं पालकांना मुलांकडे मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली. आज मूल दवाखान्यात असताना त्याच्या उशाशी आई किंवा बाबा बसलेले दिसतात, त्याच्यामागे या लोकांची चिकाटी आहे.

मुलाचा लळा 'सुरक्षित' आहे की 'असुरक्षित' हे ओळखतात कसं?

यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेली एक पद्धत आहे. सुमारे वर्ष-दीड वर्षाचं मूल आणि आई एका अनोळखी खोलीत येतात, खेळणी असतात. एक परकी बाई येते. आई बाहेर जाते, परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. असे साधारण तीन-तीन मिनिटांचे आठ टप्पे. बघणाऱ्याला वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडतं हे मोजत असतील. खरी नोंद होते ती आई परत आल्यावरची.

काही मुलं हात वर करून धावतात, उचलून घेतल्यावर खांद्यावर मान टाकतात, हुंदके ओसरतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत खेळण्यांकडे नजर वळते. ही सुरक्षित. काही आईकडे बघतही नाहीत, ठोकळे रचत राहतात. 'किती समजूतदार!' असं वाटावं इतकी शांत. पण त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले निघाले. म्हणजे घालमेल आहे, फक्त ती दाखवून उपयोग नाही हे वर्षभराच्या जिवानं शिकून घेतलंय. तिसऱ्या प्रकारची मुलं आईला घट्ट धरतात आणि त्याच वेळी लाथाही मारतात. कशानंही शांत होत नाहीत. चौथा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात वेगळा काढला. ही मुलं आईकडे निघतात आणि मध्येच थिजतात, तोंड फिरवून मागे मागे सरकतात. ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती वाटत असेल, तर पाय कुठं वळणार?

सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सुमारे ६२ टक्के मुलं सुरक्षित निघाली आणि जवळपास १५ टक्के या चौथ्या प्रकारात. मारहाण किंवा दुर्लक्ष झालेल्या मुलांत चौथ्या प्रकाराचं प्रमाण कितीतरी जास्त असतं.

माझं मूल असुरक्षित प्रकारात बसत असेल, तर तो आजार आहे का?

नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार म्हणजे मिळालेल्या माणसांशी मुलानं जमवून घेतलेली रीत. पुढच्या त्रासाची शक्यता त्यानं थोडी वाढते, एवढंच. चौथ्या प्रकाराकडे जास्त काळजीनं बघावं लागतं. आणि घरी आपल्या मुलाची अशी परीक्षा घेऊ नका. प्रशिक्षित माणसालाही ती नोंद करायला बराच सराव लागतो.

लळा फक्त आईचाच लागतो का? मी नोकरी करते, मूल पाळणाघरात असतं.

हा प्रश्न विचारताना बायकांचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो, म्हणून आधी उत्तर: मूल एकापेक्षा जास्त माणसांशी जोडलं जातं. बाबा, आजी-आजोबा, सांभाळणारी ताई, दत्तक घेणारे आईवडील, सगळ्यांशी. रक्ताचं नातं त्याला कळत नाही. रोज कोण येतं, कोण उचलतं, कोणाचा वास ओळखीचा आहे, हे कळतं.

पाळणाघराबद्दल अमेरिकेत १९९१ पासून १,३६४ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. नुसतं पाळणाघरात राहिल्यानं आईशी असलेला लळा असुरक्षित झाल्याचं दिसलं नाही. आईकडून मिळणारा प्रतिसाद मुळात तुटपुंजा असेल आणि त्यात भर म्हणून पाळणाघर निकृष्ट असेल, तास फार असतील किंवा माणसं सारखी बदलत असतील, तेव्हा धोका वाढत होता. म्हणून पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा एक गोष्ट विचारा: सांभाळणाऱ्या बायका इथं किती दिवस टिकतात?

तिसऱ्या वर्षाआधीचं मला काहीच आठवत नाही. मग त्याचा परिणाम कसा होईल?

बहुतेकांची पहिली आठवण साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. प्रसंग गोष्टीसारखा साठवणारी स्मृती उशिरा तयार होते. पण सायकल चालवताना 'मी तोल सांभाळायला कधी शिकलो' हे आठवावं लागत नाही, तसं माणसांच्या बाबतीतलं शिक्षणही शरीरात आधीच उतरलेलं असतं. रडलं की कुणी येतं की नाही. पावलांचा आवाज आला की सैलावायचं की आक्रसायचं.

शरीरातली यंत्रणाही सांगतो. धोका वाटला की मेंदूतून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. लहान बाळाला ही यंत्रणा स्वतःहून बंद करता येत नाही. ती बंद होते कुणीतरी उचलून घेतल्यावर. हजारो वेळा असं झालं की मेंदू तेच स्वतः करायला शिकतो. 'स्वतःला सावरणं' ही मोठेपणीची क्षमता अशी उसनी घेऊन सुरू झालेली असते. ज्याला कुणी सावरलंच नाही, त्याची यंत्रणा एकतर सतत चालू राहते किंवा बधिर होते. दार जोरात आपटल्यावर दचकून पुढचा तासभर छाती धडधडणारा माणूस भित्रा नसतो.

'एसीई स्कोअर' म्हणजे काय? माझा सहा आला आहे. मी घाबरायला हवं का?

लहानपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या मोजणीला एसीई म्हणतात. या अभ्यासाची सुरुवात मोठी विलक्षण आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं तेच लोक मध्येच सोडून जात होते. त्यांच्याशी बोलताना फेलिटींना कळलं की त्यांतल्या बऱ्याच जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. वजन त्यांच्यासाठी चिलखत होतं, ते उतरलं की उघडं पडल्यासारखं वाटायचं.

पुढं रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १९९५ ते १९९७ या काळात त्यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. शारीरिक, मानसिक, लैंगिक अत्याचार. शारीरिक आणि भावनिक दुर्लक्ष. घरात आईला होणारी मारहाण, व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास, आईवडिलांचं वेगळं होणं, असे दहा प्रकार. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी सांगितला. १९९८ च्या पहिल्या शोधनिबंधात, चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न अनुभवलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांचं प्रमाणही वाढलेलं होतं. पुढं २१ देशांतल्या सर्वेक्षणांवरून असा अंदाज निघाला की सुमारे ३० टक्के मानसिक आजारांची मुळं अशा अनुभवांशी जोडलेली आहेत.

आता तुमचा सहा. हा आकडा लोकसंख्येसाठी बनला होता, एका माणसासाठी नाही. स्वतः अँडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की एकेका व्यक्तीचं भविष्य सांगायला तो वापरू नये. तो मोजतो प्रकार. एकदा घडलं की दहा वर्षं रोज घडलं, हे त्यात दिसत नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन बसता यायचं, शाळेतल्या बाई जवळ घ्यायच्या, हेही दिसत नाही. गरिबी, शाळेतली छळवणूक, जातीवरून किंवा रंगावरून मिळणारी वागणूक हे तर मूळ यादीतच नव्हतं. सहा म्हणजे तुमच्या वाट्याला पुष्कळ आलं, आणि त्याबद्दल कुणाशी बोलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिक्षा म्हणून तो वाचू नका.

मला कुणी मारलं नाही, हवं ते सगळं मिळालं. तरी आतून रिकामं वाटतं. मी कृतघ्न आहे का?

या प्रश्नापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण तो विचारणारे लोक सर्वांत उशिरा मदत मागतात. त्यांना वाटतं, आपल्याला तक्रार करायला जागाच नाही.

घडलेल्या गोष्टीची आठवण राहते. जे कधी घडलंच नाही त्याची आठवण कशी राहणार? शाळेतून हिरमुसून आल्यावर कुणी 'काय झालं रे?' म्हणून शेजारी बसलं नाही, याचा प्रसंग होत नाही. रडल्यावर 'रडायला काय झालं एवढं?' रागावल्यावर 'आवाज खाली', आनंदानं उड्या मारल्यावर 'पुरे आता'. यातलं एकेक वाक्य किरकोळ आहे, आणि प्रत्येक घरात ते कधी ना कधी म्हटलं जातं. पण वर्षानुवर्षं फक्त तेवढंच ऐकलं, तर मूल आपल्या आतल्या हालचालींकडे बघणंच सोडून देतं. मोठेपणी 'तुला काय हवंय?' असं विचारलं की अशा माणसाला खरोखर उत्तर सापडत नाही. ताप आला तरी तो लपवतो. कुणी आपुलकीनं विचारपूस केली की अवघडतो आणि विषय बदलतो.

अबोला हा याचाच भाऊ. आई किंवा बाबा चार-चार दिवस बोलत नाहीत, घरात वावरतात, ताट वाढतात, पण नजर देत नाहीत. मारहाणीच्या यादीत हे कधी येत नाही. त्या घरात वाढलेली माणसं पुढं समोरच्यानं मेसेजला उत्तर द्यायला उशीर केला तरी आपलं काय चुकलं ते शोधत बसतात.

आणि 'समजूतदार' मुलं. आईचं रडणं पुसणारी, बाबांचा मूड ओळखून धाकट्यांना गप्प करणारी. सगळे त्यांचं कौतुक करतात. त्यांना कोण सांभाळत होतं, हे कुणी विचारत नाही.

तुमचे आईवडील वाईट होते असं यातून सिद्ध होत नाही. त्यांनी कष्टानं जे दिलं ते खरं, आणि जे मिळालं नाही तेही खरं. एक मान्य करण्यासाठी दुसरं खोडावं लागत नाही.

आमच्या पिढीनं मार खाल्ला आणि आमचं काही बिघडलं नाही. मग आताच एवढा बाऊ का?

काही बिघडलं नाही असं म्हणणारी बरीच माणसं मार देणाऱ्या घरातही दुसरीकडून भरपूर माया मिळालेली असतात. ती तरली ती त्या मायेमुळं. धपाटे आणि चापट्या यांवरचे ७५ अभ्यास, सुमारे १,६१,००० मुलं, २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. मुलांचं वागणं सुधारतं असं कुठंच दिसलं नाही. आक्रमकपणा, चिंता, पालकांशी दुरावा मात्र जास्त दिसला. स्वीडननं १९७९ मध्येच मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी घातली. मार देऊन मूल त्या क्षणी थांबतं, हे खरं आहे. ते का थांबतं, हेही आपल्याला आपल्या लहानपणावरून ठाऊक आहे.

एकाच घरात वाढलो, भावाला काहीच नाही, मलाच का त्रास?

एकाच घरात दोन मुलं एकसारखी वाढत नाहीत. तुम्ही तीन वर्षांचे असताना घरात भांडणं टोकाला होती, तो जन्मला तेव्हा निवळली असतील. तो खेळायला बाहेर पळायचा, तुम्ही दाराआड उभं राहून ऐकायचात. काही बाळं जन्मतःच हळव्या प्रकृतीची असतात. प्रकृतीत जनुकांचा वाटा आहेच, पण 'हे एक जनुक असेल तर नैराश्य येतं' इतकं सोपं गणित नाही. २००३ मध्ये तसा एक दावा फार गाजला. २०१९ पर्यंत मोठ्या तपासण्यांत तो टिकला नाही. आणि भावाला 'काहीच नाही' हे तुम्ही बाहेरून म्हणताय. ठोकळे रचत बसलेल्या त्या शांत बाळाची आठवण ठेवा.

मोठेपणी नात्यांत हे कसं दिसतं? मी ऑनलाइन चाचणी दिली, त्यात 'टाळणारी' असं आलं.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये प्रेमाच्या नात्यांकडे याच नजरेनं बघायला सुरुवात केली. काही जण जोडीदार जरा दूर गेला की कासावीस होतात, पुन्हा पुन्हा खात्री मागतात. काही जण नातं जवळ यायला लागलं की गुदमरतात आणि दोष शोधू लागतात. जवळीक मागणारा आणि मागे सरणारा एकत्र आले की एकाचा पाठलाग दुसऱ्याला पळवतो. हे ओळखता आलं की 'तू असाच आहेस' या भांडणातून थोडं बाहेर पडता येतं.

पण चाचणीतला शब्द आडनावासारखा लावून घेऊ नका. माणूस एका नात्यात घट्ट आणि दुसऱ्यात तुटक असू शकतो. शैशवातली रीत आणि तिशीतली रीत यांचा संबंध आहे, तो फार पक्का नाही. मधल्या वर्षांतली माणसंही आपल्याला घडवतात. शिवाय जोडीदार खरोखर बेभरवशाचा असेल, तर तुमची काळजी हा तुमच्या लहानपणाचा दोष नाही.

हे बदलतं का, की आयुष्यभर असंच?

बदलतं. तीन गोष्टी सांगतो.

रोमानियात १९८९ मध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा अनाथालयांत हजारो मुलं सापडली. जेवण, कपडे कसेबसे होते, उचलून घेणारं कुणी नव्हतं. बुखारेस्टमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकून प्रशिक्षित पालक कुटुंबांत गेली. साडेतीन वर्षांची होईपर्यंत कुटुंबात गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा लळा सुरक्षित झाला होता. संस्थेतल्या गटात हे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे वेळ महत्त्वाची आहे, आणि उशिरा मिळालेली मायाही वाया जात नाही.

हवाईतल्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळीस वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजार अशा कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं कर्तबगार, आत्मविश्वास असलेली, दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार एक गोष्ट आढळली: घरात नाही तर घराबाहेर, निदान एक स्थिर मोठं माणूस त्यांच्या पाठीशी होतं. आत्या, आजोबा, शिक्षक.

तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रौढांची लहानपणाबद्दल मुलाखत घेण्याची एक पद्धत बनवली. त्यात काय घडलं यापेक्षा माणूस ते कसं सांगतो हे ऐकतात. कुणी म्हणतं 'आई फार प्रेमळ होती', आणि एकही प्रसंग सांगता येत नाही. कुणी वीस वर्षांपूर्वीच्या भांडणात आजही उभं असतं. आणि कुणी कठीण लहानपण रडून, थांबून, पण सरळ सांगू शकतं. या शेवटच्या माणसांची मुलं बहुतेकदा सुरक्षित निघतात. त्यांनी सुरक्षितता कमावली, असं अभ्यासक म्हणतात.

मी मुलावर ओरडतो आणि नंतर रात्रभर झोप लागत नाही. मी त्याचं नुकसान केलं का?

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते, मग दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, शेवटी मान वळवतं आणि कोसळल्यासारखं होतं. मग आई पुन्हा आई होते, आणि बाळ परत येतं. बघवत नाही असं दृश्य आहे. पण ट्रॉनिक यांनीच हेही दाखवलं की चांगल्या नात्यातही आई आणि बाळ बहुतांश वेळ एकमेकांशी जुळलेले नसतात. सूर चुकतो, पुन्हा लागतो, पुन्हा चुकतो. बाळ शिकतं ते या पुन्हा लागण्यातून. माझ्या मते पालकत्वाबद्दल यापेक्षा दिलासा देणारी गोष्ट कुणी शोधलेली नाही.

ते घरात असं दिसतं. वहीवर पाणी सांडलं, बाबा कडाडले. मुलाचे खांदे कानांपर्यंत वर गेले, ते उठून आत गेलं. दहा मिनिटांनी बाबा दारापाशी उकिडवे बसतात. 'मघाशी मी फार जोरात ओरडलो. तू घाबरलास ना? मी दमलो होतो, त्यात तुझा काही दोष नव्हता.' मूल वर बघत नाही, रंगवत राहतं. बाबा उठून जात नाहीत. जरा वेळानं एक स्केचपेन त्यांच्याकडे सरकतं: 'हा निळा धर.'

यात 'सॉरी, पण तूही जरा नीट वागायला हवं होतंस' असं म्हटलं की सगळं उलटतं. आणि एक मात्र स्पष्ट सांगतो: रोज घाबरवून रोज माफी मागणं म्हणजे सांधणं नव्हे. हात उगारला जात असेल, दारू असेल, राग आवरत नसेल, तर आधी त्यासाठी मदत घ्यायला हवी.

आईवडिलांशी याबद्दल बोलावं का? माफ करावं लागतं का?

दोन्ही सक्तीचं नाही. बोलायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, त्यांनी काहीच मान्य केलं नाही तरी मला हे चालेल का? 'असं काही झालंच नव्हतं' हे उत्तर फार वेळा येतं, आणि तयारी नसेल तर ती जखम पुन्हा उघडते. काहींचे पालक अनपेक्षितपणे स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलू लागतात. काहींना अंतर ठेवूनच बरं वाटतं. माफी आतून आली तर येईल. बरं होण्याची ती अट नाही.

उपचार कोणते असतात?

धक्कादायक अनुभवांच्या आठवणी छळत असतील तर त्यावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्रासदायक आठवण हाताळण्याची पद्धत) यांना संशोधनाचा भक्कम आधार आहे. नात्यांतल्या जुन्या रीतींसाठी दीर्घकाळ चालणारं समुपदेशन लागतं. लहान मुलांच्या बाबतीत एकट्या मुलावर उपचार करण्यापेक्षा पालक आणि मूल दोघांना एकत्र घेऊन केलेलं काम जास्त उपयोगी ठरतं. नैराश्य किंवा चिंता तीव्र असेल तर औषधांनी पाय टेकायला जमीन मिळते. ती घेण्यात कमीपणा नाही. 'लळा लावण्यासाठी' मुलाला जबरदस्तीनं दाबून धरणारी उपचारपद्धत कुणी सुचवली तर तिथून निघा. अशा प्रकारांत मुलांचे जीव गेले आहेत.

लगेच मदत कधी घ्यावी?

मरण्याचे विचार येत असतील, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, व्यसन हाताबाहेर गेलं असेल किंवा आपल्या हातून मुलाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर थांबू नका. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. एखाद्या मुलावर आज, या घडीला अत्याचार होत असेल, तर उपचाराआधी त्याला सुरक्षित जागी नेणं आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं आलं.

पहिल्याच भेटीत लहानपणाचं सगळं सांगावं लागतं का?

नाही. चांगला समुपदेशक तुम्हाला घाई करणार नाही. पहिल्या भेटीत बहुधा आत्ताचा त्रास, झोप, भूक, घरात कोण आहे, आधार कुणाचा, एवढंच विचारलं जातं. 'याबद्दल आज नको' असं म्हणता येतं, आणि ते ऐकून समोरचा कसा वागतो यावरून तो माणूस तुमच्यासाठी योग्य आहे की नाही तेही कळतं. बोलता येणार नाही असं वाटत असेल तर चिठ्ठीवर तीन ओळी लिहून न्या. मी अशा कितीतरी चिठ्ठ्या वाचल्या आहेत. काहींवर फक्त 'सुरुवात कुठून करायची माहीत नाही' एवढंच असतं, आणि आम्ही तिथूनच सुरुवात करतो.